जुन्या संगणकाचे श्रेणीवर्धन

जुन्या संगणकाचे श्रेणीवर्धन म्हणजे वापरात असलेल्या संगणकाचे काही सुटे भाग बदलून किंवा त्यांत नव्या भागांची भर घालून त्याची कार्यक्षमता वाढवणे होय. बोलीभाषेत यासाठी ‘अपग्रेड करणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. संगणकीय खेळांमध्ये त्रिमितीय दृश्ये अखंडपणे व वेगाने रेखाटावी लागतात. त्यामुळे खेळांसाठी केलेल्या श्रेणीवर्धनात ग्राफिक्स कार्ड हा मध्यवर्ती घटक असतो. तथापि ग्राफिक्स कार्डाची निवड प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, वीजपुरवठा, कॅबिनेटचा आकार आणि संचालन प्रणाली यांवर अवलंबून असते. या घटकांचा मेळ न बसल्यास नवे कार्ड अपेक्षित वेग देत नाही, आणि काही वेळा संगणक सुरूच होत नाही.

हा लेख प्रामुख्याने मेजावरील (डेस्कटॉप) संगणकांविषयी आहे. बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स प्रोसेसर मदरबोर्डावरच डाख देऊन बसवलेला असल्याने तो बदलता येत नाही. तेथे श्रेणीवर्धन बहुधा रॅम व साठवण यांपुरते मर्यादित राहते.

इतिहास

संगणकाचे भाग सुटे बदलता येणे ही कल्पना १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीमुळे सर्वदूर पसरली. या संगणकाच्या मदरबोर्डावर पाच विस्तार स्लॉट होते आणि पडद्यावर चित्र उमटवण्याचे कामही त्यांपैकी एका स्लॉटमध्ये बसणाऱ्या स्वतंत्र कार्डाकडे होते. इतर उत्पादकांनी याच रचनेशी सुसंगत संगणक व कार्डे बनवल्याने एका कंपनीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या संगणकात बसवणे शक्य झाले.

त्रिमितीय चित्रणासाठी स्वतंत्र कार्ड घेण्याची प्रथा १९९६ मध्ये आलेल्या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डाने लोकप्रिय केली. हे कार्ड केवळ त्रिमितीय चित्रण करीत असे. साध्या द्विमितीय चित्रासाठी आधीचे कार्ड तसेच ठेवावे लागे आणि दोन्ही कार्डे बाहेरून एका केबलने जोडली जात. जुना संगणक न टाकता त्याला खेळांसाठी नवे बळ देण्याचे हे एक आरंभीचे ठळक उदाहरण होय. १९९९ मध्ये एनव्हिडियाने आपल्या जीफोर्स २५६ या कार्डासाठी ‘जीपीयू’ ही संज्ञा प्रचारात आणली. २००० च्या अखेरीस थ्रीडीएफएक्सची मालमत्ता विकत घेण्याचा करार एनव्हिडियाने जाहीर केला, तर २००६ मध्ये एएमडीने एटीआय ही कंपनी घेतली. त्यानंतर दीर्घकाळ स्वतंत्र ग्राफिक्स कार्डांची बाजारपेठ मुख्यतः या दोन कंपन्यांमध्ये विभागलेली राहिली. २०२२ मध्ये इंटेलने आर्क मालिकेद्वारे तिच्यात प्रवेश केला.

कार्ड बसवण्याचे स्लॉटही बदलत गेले. आरंभीच्या आयएसए स्लॉटनंतर १९९२ मध्ये पीसीआय, १९९७ च्या सुमारास केवळ ग्राफिक्ससाठी असलेला एजीपी आणि २००४ पासून पीसीआय एक्सप्रेस हे प्रकार आले. पीसीआय एक्सप्रेसच्या पिढ्या परस्परांशी सुसंगत असतात. म्हणजे नव्या पिढीचे कार्ड जुन्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसते व कमी वेगाने चालते. आज दहा-बारा वर्षे जुन्या संगणकाला नवे कार्ड लावणे शक्य होते, ते मुख्यतः या सुसंगततेमुळे.

सर्वांत संथ घटकाचे तत्त्व

खेळातील दृश्य म्हणजे एकामागून एक दाखवल्या जाणाऱ्या स्थिर चित्रांची, अर्थात फ्रेमची, मालिका असते. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या असल्यास प्रत्येक फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० फ्रेमसाठी हाच अवधी ३३.३ मिलिसेकंद असतो. या अवधीत प्रोसेसर खेळातील पात्रांच्या हालचाली, टकरी, नियम यांची गणिते करून काय रेखाटायचे याच्या सूचना तयार करतो आणि ग्राफिक्स कार्ड त्या सूचनांनुसार चित्र रेखाटते. कार्ड एक फ्रेम रेखाटत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी करीत असतो. दोघांचे काम असे समांतर चालत असल्याने एकूण वेग त्यांपैकी जो संथ असेल त्याच्यावर ठरतो.

उदाहरणार्थ, एखाद्या खेळात प्रोसेसरला प्रत्येक फ्रेमसाठी २० मिलिसेकंद आणि ग्राफिक्स कार्डाला ४० मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला २५ फ्रेम मिळतात. कार्ड बदलून त्याचा वेळ २० मिलिसेकंदांवर आणला की हा वेग दुप्पट, म्हणजे ५० फ्रेम होतो. परंतु याहून महाग कार्ड घेऊन हा वेळ १० मिलिसेकंद केला, तरी वेग ५० फ्रेमच राहतो, कारण आता प्रोसेसर हा संथ घटक झालेला असतो. जुन्या संगणकात अतिशय शक्तिशाली कार्ड बसवूनही निराशा पदरी पडते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

कोणता घटक संथ आहे हे पैसे खर्च करण्यापूर्वी तपासता येते. खेळाचे रिझोल्यूशन कमी केल्यावर फ्रेमचा वेग लक्षणीय वाढला, तर ग्राफिक्स कार्ड अपुरे पडत आहे. वेग जवळपास तेवढाच राहिला, तर प्रोसेसर अपुरा पडत आहे. याचे कारण असे की रिझोल्यूशनचा भार मुख्यतः कार्डावर पडतो. १९२० × १०८० या रिझोल्यूशनमध्ये सुमारे २०.७ लाख चित्रबिंदू असतात, तर ३८४० × २१६० मध्ये त्याच्या चौपट, सुमारे ८२.९ लाख. पात्रांची संख्या किंवा खेळाचे नियम मात्र रिझोल्यूशननुसार बदलत नाहीत, म्हणून प्रोसेसरचे काम जवळपास सारखेच राहते.

सरासरी वेग चांगला असूनही खेळ मधूनमधून अडखळत असेल, तर रॅम, व्हिडिओ मेमरी किंवा साठवण अपुरी असण्याचा संभव असतो.

ग्राफिक्स कार्ड

स्लॉट आणि मार्गिका

पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या अनेक मार्गिका असतात. ग्राफिक्स कार्डाच्या मोठ्या स्लॉटमध्ये सामान्यतः १६ मार्गिका असतात. तिसऱ्या पिढीत एका मार्गिकेतून एका दिशेने सेकंदाला सुमारे १ गिगाबाइट माहिती जाते. प्रत्येक पुढच्या पिढीत हा वेग दुप्पट होतो. १६ मार्गिकांचे कार्ड एक-दोन पिढ्या जुन्या स्लॉटमध्ये लावल्यास वेगात सहसा किरकोळ घट होते.

कमी मार्गिकांच्या कार्डांबाबत मात्र हे खरे नाही. जानेवारी २०२२ मध्ये आलेले एएमडीचे रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड चौथ्या पिढीच्या केवळ ४ मार्गिका वापरते आणि त्यावर ४ गिगाबाइट व्हिडिओ मेमरी आहे. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसवल्यास त्याला सेकंदाला सुमारे ४ गिगाबाइट एवढाच मार्ग उरतो. खेळाला ४ गिगाबाइटपेक्षा अधिक व्हिडिओ मेमरी लागू लागली की उरलेली माहिती मुख्य रॅममधून याच अरुंद मार्गाने आणावी लागते आणि काही खेळांत वेग बराच घसरतो. कमी किमतीचे म्हणून जुन्या संगणकासाठी निवडले जाणारे कार्ड जुन्या संगणकातच अधिक मागे पडते, असा हा विरोधाभास आहे.

व्हिडिओ मेमरी

पृष्ठभागांची चित्रे, भौमितिक आकार आणि अर्धवट रेखाटलेल्या फ्रेम कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत ठेवल्या जातात. ही मेमरी नंतर वाढवता येत नाही. त्यामुळे कार्ड घेतानाच तिचा विचार करावा लागतो. ती अपुरी असल्यास खेळातील पृष्ठभागांचा दर्जा कमी करणे हा पहिला उपाय असतो.

आकारमान

अलीकडील अनेक कार्डे शेजारच्या एक-दोन स्लॉटचीही जागा व्यापतात. कार्डाची लांबी, जाडी आणि उंची कॅबिनेटमधील मोकळ्या जागेशी पडताळून पाहणे आवश्यक असते. कार्यालयीन वापराच्या सडपातळ संगणकांत केवळ कमी उंचीची, ‘लो प्रोफाइल’ प्रकारची कार्डे बसतात.

वीजपुरवठा

भारतात संगणकाचा वीजपुरवठा करणाऱ्या भागास सर्रास ‘एसएमपीएस’ म्हणतात. पीसीआय एक्सप्रेसच्या मोठ्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळू शकते. यापेक्षा अधिक वीज लागणाऱ्या कार्डांना एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल जोडावी लागते. सहा पिनांच्या जोडणीतून ७५ वॅट आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट वीज देण्याचे मानक आहे. २०२२ पासून उच्च श्रेणीच्या कार्डांवर १६ पिनांची, ६०० वॅटपर्यंत क्षमतेची जोडणी दिसू लागली. ती पूर्णपणे आत बसलेली नसल्यास तापून वितळण्याचा धोका असतो.

जुन्या संगणकाच्या एसएमपीएसची केवळ एकूण क्षमता पाहणे पुरेसे नसते. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतात. त्यामुळे त्या वाहिनीची क्षमता महत्त्वाची असते व ती एसएमपीएसवरील तक्त्यात छापलेली असते. वर्षानुवर्षे वापरलेल्या एसएमपीएसमधील कपॅसिटर क्षीण झालेले असतात. हलक्या दर्जाचा एसएमपीएस बिघडताना मदरबोर्ड व कार्ड यांनाही इजा करू शकतो. म्हणून मोठे कार्ड घेताना एसएमपीएसही बदलणे हिताचे ठरते. हार्ड डिस्कसाठीच्या केबलपासून आठ पिनांची जोडणी तयार करणारे स्वस्त अडॅप्टर वापरल्यास त्या तारांवर क्षमतेपेक्षा अधिक भार पडू शकतो.

काही कार्यालयीन संगणकांत एसएमपीएसचा आकार किंवा मदरबोर्डाकडे जाणारी जोडणी नेहमीच्या एटीएक्स मानकापेक्षा वेगळी असते. १९९५ मध्ये इंटेलने मांडलेल्या या मानकामुळे असेम्बल केलेल्या संगणकांचे भाग सहज बदलता येतात. वेगळी जोडणी असलेल्या संगणकांत मात्र ही सोय राहत नाही.

वीज वारंवार जाणाऱ्या भागांत संगणकाला यूपीएस लावलेला असतो. घरगुती ६०० व्होल्ट-अँपिअरच्या यूपीएसची प्रत्यक्ष क्षमता बहुधा ३६० वॅटच्या आसपास असते. नव्या कार्डामुळे संगणक व मॉनिटर यांची एकत्रित गरज याहून वाढली, तर वीज जाताच यूपीएस तो भार न पेलता बंद पडू शकतो.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

प्रोसेसर मदरबोर्डावरील विशिष्ट सॉकेटमध्येच बसतो. त्यामुळे मदरबोर्ड न बदलता मिळणारी वाढ त्या सॉकेटच्या आयुष्यावर अवलंबून असते. एएमडीचे एएम४ सॉकेट हे दीर्घायुषी सॉकेटचे उदाहरण आहे. २०१७ मधील पहिल्या रायझन प्रोसेसरपासून २०२२ मधील रायझन ७ ५८००एक्स३डीपर्यंतचे अनेक प्रोसेसर त्यात बसतात. मात्र जुन्या मदरबोर्डाचे बायोस आधी अद्ययावत करावे लागते. इंटेलच्या सॉकेटमध्ये सामान्यतः दोन-तीन पिढ्यांचेच प्रोसेसर बसत आले आहेत.

सॉकेट बदलले की मदरबोर्ड, आणि अनेकदा रॅमही, नवी घ्यावी लागते. अशा वेळी श्रेणीवर्धन आणि नवा संगणक यांतील अंतर फारसे उरत नाही.

रॅम

रॅमचे डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ हे प्रकार परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत. त्यांचे व्होल्टेज वेगवेगळे असते आणि चुकीची पट्टी बसू नये म्हणून पट्टीवरील खाचेची जागाही वेगळी असते. बहुतेक मदरबोर्डांवर सारख्या दोन पट्ट्या ठरावीक जोडीच्या स्लॉटमध्ये लावल्यास माहिती दोन वाहिन्यांतून एकाच वेळी वाहते. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स वापरणाऱ्या संगणकांत याचा परिणाम विशेष जाणवतो, कारण अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची स्वतंत्र मेमरी नसून ते मुख्य रॅमच वापरते. अशा संगणकात रॅमची दुसरी पट्टी लावणे हे अल्प खर्चाचे पण परिणामकारक श्रेणीवर्धन ठरते.

३२ बिटी संचालन प्रणालीत सुमारे ४ गिगाबाइटपर्यंतचीच रॅम वापरात येते. जुन्या संगणकात अशी प्रणाली असल्यास ६४ बिटी प्रणाली घातल्याशिवाय वाढीव रॅमचा उपयोग होत नाही.

साठवण

हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरील योग्य जागी पोहोचण्यास प्रत्येक वेळी सुमारे १० मिलिसेकंद लागतात. एसएसडीमध्ये हलणारे भाग नसल्याने हा काळ मिलिसेकंदाच्या लहानशा अंशाइतका असतो. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट माहिती वाचू शकते आणि दहा वर्षांहून जुन्या संगणकातही ती चालते. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी याच्या अनेक पट वेगवान असते. परंतु फार जुने मदरबोर्ड तिच्यावरून संचालन प्रणाली सुरू करू शकत नाहीत.

एसएसडीमुळे संगणक सुरू होण्याचा व खेळ उघडण्याचा वेळ बराच कमी होतो. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची संख्या मात्र तिच्यामुळे सहसा वाढत नाही.

उष्णता आणि देखभाल

ठरावीक तापमानापलीकडे गेल्यावर प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड स्वतःचा वेग कमी करून घेतात. जुन्या संगणकात पंख्यांवर व उष्णताशोषकांवर साचलेली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट यांमुळे हे वारंवार घडते. त्यामुळे नवे भाग घेण्यापूर्वी धूळ काढणे व थर्मल पेस्ट बदलणे हा श्रेणीवर्धनाचा पहिला आणि सर्वांत स्वस्त टप्पा मानला जातो. खेळ सुरू केल्यावर काही मिनिटांनीच वेग घसरत असेल, तर दोष उष्णतेचा असण्याचा संभव अधिक असतो.

सॉफ्टवेअरची मर्यादा

जुन्या संगणकाचे आयुष्य अनेकदा वेगामुळे नव्हे, तर सुसंगतता संपल्यामुळे संपते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चे समर्थन १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि ठरावीक पिढीनंतरचे प्रोसेसर आवश्यक आहेत. इंटेलच्या बाबतीत ही अट सामान्यतः आठव्या पिढीपासून पूर्ण होते. खेळांच्या विक्रीचे मोठे माध्यम असलेल्या स्टीमनेही जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ व ८ वरील समर्थन बंद केले.

काही खेळांना प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा सूचनासंच लागतो. इंटेलने तो २०१३ च्या हॅसवेल पिढीत आणला. त्यापूर्वीच्या प्रोसेसरवर असे खेळ कितीही चांगले कार्ड लावले तरी उघडत नाहीत. कार्डाच्या बाबतीतही तसेच घडते. २०२४ मधील ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ या खेळाला किरणमागोवा, अर्थात रे ट्रेसिंग, करू शकणारे कार्ड अनिवार्य आहे.

याउलट काही सॉफ्टवेअर तंत्रे जुन्या कार्डाचे आयुष्य वाढवतात. खेळ कमी रिझोल्यूशनमध्ये रेखाटून नंतर चित्र मोठे करण्याचे एफएसआर हे तंत्र एएमडीने २०२१ मध्ये आणले. त्याच्या आरंभीच्या आवृत्त्या इतर कंपन्यांच्या जुन्या कार्डांवरही चालतात. एनव्हिडियाच्या डीएलएसएस या तंत्रासाठी आरटीएक्स मालिकेतील कार्ड लागते.

उदाहरण : २०१२ सालचा कार्यालयीन संगणक

इंटेलचा कोअर आय५-३४७० हा २०१२ मधील प्रोसेसर असलेले कार्यालयीन संगणक नंतरच्या काळात नूतनीकृत स्वरूपात मोठ्या प्रमाणावर विकले गेले. या प्रोसेसरमध्ये चार गाभे असून त्याचे औष्णिक मान ७७ वॅट आहे. तो डीडीआर३ रॅम वापरतो व त्याचे अंगभूत ग्राफिक्स नव्या त्रिमितीय खेळांसाठी फारच दुबळे आहे.

अशा संगणकासाठी स्वतंत्र वीजजोडणी न लागणारी कार्डे सोयीची ठरतात. एनव्हिडियाची जीटीएक्स ७५० टीआय (२०१४), जीटीएक्स १०५० टीआय (२०१६) आणि जीटीएक्स १६५० (२०१९) ही कार्डे याच गुणामुळे प्रसिद्ध झाली. त्यांपैकी काही उत्पादकांच्या आवृत्त्यांना मात्र स्वतंत्र केबल लागते. ७५ वॅटचे कार्ड लावल्यास प्रोसेसर व कार्ड यांची बेरीज १५२ वॅट होते. उरलेल्या भागांसाठी सुमारे ५० वॅट धरल्यास २४० ते ३०० वॅटचा, सुस्थितीतील मूळ एसएमपीएस पुरतो. रॅम ८ किंवा १६ गिगाबाइट करणे आणि साटा एसएसडी लावणे हे पुढचे टप्पे होत. याच सॉकेटमध्ये बसणारा कोअर आय७-३७७० हा एकाच वेळी आठ धागे हाताळणारा प्रोसेसरही वापरलेल्या स्थितीत मिळतो.

असा संगणक २०१० च्या दशकातील बहुतेक खेळ १९२० × १०८० रिझोल्यूशनमध्ये, दृश्याचा दर्जा जुळवून घेऊन, खेळण्यायोग्य वेगाने चालवतो. परंतु त्यात एव्हीएक्स२ नाही व विंडोज ११ चे अधिकृत समर्थनही नाही. त्यामुळे आर्थिकदृष्ट्या येथपर्यंतचेच श्रेणीवर्धन योग्य ठरते. यापुढचे मोठे कार्ड घेतल्यास ते पुढे नव्या संगणकात हलवण्याच्या तयारीनेच घ्यावे लागते.

खर्च आणि बाजारपेठ

२०२० ते २०२२ या काळात चिपांचा तुटवडा आणि आभासी चलनाच्या उत्खननासाठी वाढलेली मागणी यांमुळे ग्राफिक्स कार्डांच्या किमती जगभर भडकल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलल्यावर त्याच्या उत्खननासाठी कार्डांची गरज उरली नाही आणि वापरलेली कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली. असे कार्ड घेताना पंख्यांची स्थिती, भार असतानाचे तापमान आणि पडद्यावर उमटणारे विचित्र ठिपके वा रेषा तपासणे आवश्यक असते.

भारतात सुट्या भागांसाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, दिल्लीतील नेहरू प्लेस, बंगळूरमधील एस. पी. रोड आणि चेन्नईतील रिची स्ट्रीट या बाजारपेठा प्रसिद्ध आहेत.

जुन्या भागांची विल्हेवाट

बदललेले भाग सुस्थितीत असल्यास ते अन्य संगणकात वापरता येतात. निकामी मदरबोर्ड, कार्डे व एसएमपीएस यांत शिसे व इतर घातक द्रव्ये असू शकतात. त्यामुळे ते घरगुती कचऱ्यात टाकणे अयोग्य आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू झाले असून असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्यांकडे पोहोचवण्याची व्यवस्था त्यांत आहे. हार्ड डिस्क वा एसएसडी देऊन टाकण्यापूर्वी तिच्यावरील खासगी माहिती कायमची पुसणे गरजेचे असते. चालू स्थितीतील संगणकाचे आयुष्य दोन-चार वर्षांनी वाढवणे हा ई-कचरा कमी करण्याचाही एक मार्ग आहे.

हे सुद्धा पहा

ग्राफिक्स कार्ड
मदरबोर्ड
मध्यवर्ती प्रक्रिया एकक
संगणकीय खेळ
ई-कचरा